अस्तरातलं कुसळ

नवरात्रातल्या पाचव्या माळेला सकाळी सकाळी एक बेन चणियाचोळी परत घेऊन आल्या. रात्री गरब्याला घातली, दोन फेऱ्या झाल्या, आणि डाव्या बाजूला कमरेखाली असं काही टोचायला लागलं की अर्ध्यातून बाहेर यावं लागलं, म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "टाचणी राहिली असेल, बघा ना," एवढंच बोलल्या आणि ओटल्यावर बसून राहिल्या.

मी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात घरीच शिवणकाम करते, तेवीस वर्षं झाली. आईही शिवायची. मला मशीनवर बसवण्याआधी तिनं टाचण्या मोजायला शिकवलं. सकाळी डबीत चाळीस, रात्री डबीत चाळीस. एक कमी भरली तर ती सापडेपर्यंत केर काढायचा नाही, पोरांना अनवाणी फिरू द्यायचं नाही, जेवायला बसायचं नाही. त्यामुळे टाचणी नाही हे मला माहीत होतं. तरी चणिया उलटा केला, अस्तरावरून लोहचुंबक फिरवलं. काही लागलं नाही. मग नेफ्याखालची शिवण वीतभर उसवली आणि बोटांनी चाचपत गेले. अस्तर आणि घेर यांच्या मधे एक तांबूस, बारीक काडी रुतलेली होती. पुढचं टोक सुईसारखं, मागे पीळ पडलेली काळपट शेपटी. चिमट्यानं मागे ओढली तर कापडाचा धागाच सोबत यायला लागला. शेवटी मी ती होती त्याच दिशेनं पुढे ढकलली आणि पलीकडून बाहेर काढली.

कुसळ होतं.

कुठून आलं तेही लगेच कळलं. मशीनच्या मागच्या भिंतीला सशांच्या गवताचं पोतं टेकवलेलं होतं. मी ते उचलून मागच्या पडवीत नेलं, खोली दोनदा झाडली, शिवून टांगलेले सगळे चणिये झटकून, उजेडात धरून पाहिले. बेनना दुपारच्या आत त्यांचा चणिया दिला, क्षमा मागितली. आणि संध्याकाळी त्याच पोत्यातलं मूठभर गवत नेहमीसारखं सशांच्या पुढ्यात टाकलं.

हे लिहिताना मला अजून त्रास होतो. कापडाला टोचलं म्हटल्यावर मी सगळं घर झटकलं. हेच कुणाच्या तरी तोंडात जाणार आहे, हे मनातसुद्धा आलं नाही.

ससे दोन आहेत. साय पांढरी, आणि चिवडा तपकिरी-पिवळ्या ठिपक्यांचा. आमच्या वडोदऱ्याच्या लील्या चिवड्याचं पुडकं फोडून लेक खात बसली होती तेव्हा तो तिच्या मांडीवर चढला, म्हणून ते नाव. लेक तेव्हा अकरावीत होती. आता ती पुण्याला शिकते आणि ससे माझे झाले आहेत. पडवीला जाळी लावून घेतली आहे, दिवसा तिथं, रात्री घरात. सासूबाई आधी "घरात कशाला जनावरं" म्हणायच्या, आता दुपारी पोथी वाचताना चिवडा पायाशी नसला तर हाक मारतात.

ज्यांच्याकडे ससे नाहीत त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं की सशाचं मुख्य अन्न गाजर नाही. वाळलेलं गवत आहे, दिवसरात्र, हवं तेवढं. त्याचे दात जन्मभर वाढत राहतात, समोरचे तर आठवड्याला दोनेक मिलिमीटर. गवत चघळताना खालचा जबडा आडवा फिरतो, जात्याच्या पाळीसारखा, आणि दाढा एकमेकींवर घासून जागेवर राहतात. गवत कमी पडलं की दाढांना धारदार कडा येतात, त्या जिभेला-गालाला कापतात. पोटाचंही तसंच. आत सतत काहीतरी पुढे सरकत राहिलं पाहिजे. ससा ओकू शकत नाही, जे आत गेलं ते पुढेच जायला हवं, आणि आतडं एकदा थांबलं की अर्ध्या दिवसात जिवावर बेतू शकतं.

बाहेरदेशाचं टिमोथी गवत पाकिटात मिळतं. एकदा आणलं होतं. चांगलं असतं, पण एका किलोच्या पैशांत आमच्याकडचं दोन महिन्यांचं गवत येतं. आमच्याकडचं म्हणजे झिंझवा. मराठीत त्याला मारवेल म्हणतात. बारीक काडी, पानं मऊ, वाळल्यावरही थोडा हिरवा रंग धरून राहतो, आणि पेंढी सोडली की घरभर असा वास सुटतो की मला माझं आजोळ आठवतं. वाघोडिया रस्त्याला एक भाई विकतात, चार वर्षं त्यांच्याकडूनच घेतो. या नवरात्रात मात्र पहिल्याच माळेला आमचं गवत संपलं, माझ्या अंगावर अठरा चणिये शिवायचे होते, म्हणून ह्यांना स्कूटरवर पाठवलं. भाई नव्हते. कुणी पोरगा होता, त्यानं वखारीच्या तळातलं पोतं उचलून दिलं. ह्यांनी आणलं, मी उघडून न बघता भिंतीला टेकवलं.

सातव्या माळेला सकाळी साय गवताकडे गेली. काडी तोंडात घेतली, दोनदा चावली, मान झटकली आणि काडी टाकून दिली. मला वाटलं, लहर. चहा झाल्यावर पाहिलं तर ती कोपऱ्यात अंग चोरून बसलेली. कोथिंबीर धरली तर एक पान घेतलं, तेही तोंडाच्या एकाच बाजूनं, फार सावकाश. उचलली तेव्हा हनुवटीखालचे केस ओले लागले, चिकटून त्यांच्या बटा झालेल्या. कानाजवळ धरली तर दात करकर वाजत होते. ससा खुशीतही दात वाजवतो, पण ते हलकं, मांजराच्या घुरघुरीसारखं असतं. हे तसं नव्हतं. तिच्या लेंड्या रोज हरभऱ्याएवढ्या असतात. त्या दिवशी मिऱ्याएवढ्या होत्या, आणि मोजून नऊ.

ससा दुखणं लपवतो. रानात जो कण्हला त्याला आधी उचलतात, म्हणून गप्प बसणं त्याच्या रक्तातच आहे. दिसायला लागतं तेव्हा बरंच पुढे गेलेलं असतं. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, तू तुझ्या मनानं काही देऊ नको. डॉक्टर शोध. आत्ता." शेजारच्या काकू घरातलं अँटिबायोटिक घेऊन आल्या होत्या, अर्धी गोळी कुटून पाण्यातून पाज म्हणत होत्या. त्यांच्या मनात मायाच होती. पुढे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. माणसांना सर्रास देतात ती पेनिसिलिनच्या जातीची औषधं, अमॉक्सिसिलिनसुद्धा, सशाला तोंडातून दिली तर त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि त्यात ससा जाऊ शकतो. हे मी जाड अक्षरात लिहून फ्रीजवर लावलं आहे. तुमच्याकडे ससा असेल तर तुम्हीही लावा.

वडोदऱ्यात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर पुष्कळ, सशाला हात लावणारे थोडे. दोन ठिकाणी आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या म्हणाले. चाळीसेक किलोमीटर, आणि सायनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. तिसऱ्या डॉक्टरांनी "घेऊन या" म्हटलं. भाजीच्या टोपलीत टॉवेल घातला, चिवड्यालाही सोबत बसवलं, कारण एकटी ती आणखी घाबरते. रिक्षानं निघालो तेव्हा संध्याकाळ होत आली होती आणि गरब्याच्या मैदानांकडे जाणारे रस्ते भरायला लागले होते. टोपलीवर ओढणी धरून मी बसले. बाहेर ढोल, आत टॉवेलखाली तिचं अंग माझ्या बोटांना धडधडताना लागत होतं.

डॉक्टरांनी तिला बाळाला गुंडाळतात तसं टॉवेलात गुंडाळलं. सशाचं तोंड पुढून जेमतेम उघडतं आणि दाढा पार आत असतात, म्हणून कान तपासायच्या दिव्याच्या नळीनं ते आत पाहत होते. उजवीकडे पाहिलं. डावीकडे नळी सरकवली आणि थांबले. "काय गवत देता?" झिंझवा, मी म्हटलं. "त्यात आणखी काय असतं?"

मी काही बोलू शकले नाही. चणिया डोळ्यांसमोर आला.

थोडी भूल द्यावी लागणार होती. मी म्हटलं, सकाळपासून पोटात काही नाही, म्हणजे भुलीला बरंच ना? ते म्हणाले, "माणसाला उपाशी ठेवतात, सशाला ठेवायचं नसतं. ओकारीची भीती नाही, आणि पोट रिकामं राहण्यानंच जास्त बिघडतं." वीस मिनिटांत त्यांनी कापसावर एक काडी आणून दाखवली. अर्ध्या इंचाहून लहान. शेपटी तुटून गेलेली, टोक शाबूत. खालच्या डाव्या दाढेच्या बाहेर, गाल आणि हिरडी यांच्या खाचेत शिरलं होतं, भोवती सूज आली होती. चणियातनं मी ते पुढे ढकलून काढलं होतं. इथं पुढे ढकलायला जागाच नव्हती, मागेच ओढावं लागलं, आणि येताना त्यानं जखम थोडी वाढवली.

दुखण्याचं औषध मिळालं आणि भरवायचं काम मिळालं. दर तीन तासांनी. तिचे दाण्याचे खडे, म्हणजे सशांचं तयार खाद्य, कोमट पाण्यात भिजवून, खलबत्त्यात घोटून, साडीच्या मलमलीतून गाळून, बिनसुईच्या सिरिंजमध्ये भरायचे. सिरिंज समोरून घालायची नाही, पुढच्या दातांमागे जी फट असते तिथून बाजूनं, आणि एका वेळी एक मिलिलीटर, तिनं गिळलं की पुढचं. घाई केली तर श्वासनळीत जातं. आठव्या माळेच्या रात्री माझे चार चणिये शिवायचे बाकी होते. एक घेर शिवायचा, उठायचं, सायला मांडीवर घ्यायचं, आठ-दहा मिलिलीटर पाजायचं, पोट तळहातानं हळू चोळायचं, परत मशीनवर. चिवडा रात्रभर तिला चिकटून बसला होता आणि तिच्या ओल्या हनुवटीचे केस चाटून सुकवत होता. पहाटे पाचच्या सुमाराला वर्तमानपत्रावर लेंड्या दिसल्या, सहा, त्यातल्या दोन हरभऱ्याएवढ्या. मी सासूबाईंना उठवून दाखवल्या. त्यांनी देवाला हात जोडले, मग वर्तमानपत्राकडे पाहून म्हणाल्या, "अगं, हे टाकू नको आत्ताच, लेकीला फोटो पाठव."

माझ्या एक गिऱ्हाईक बाई पूर्वी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. दसऱ्याला सोनं द्यायला आल्या तेव्हा मी चणियातलं ते कुसळ त्यांना दाखवलं, डबीत ठेवलं होतं. त्यांनी माझा काचेचा भिंग मागितला, आणि एक वाटी पाणी. कुसळ माझ्या तळहातावर ठेवलं आणि बोटानं पाण्याचा एक थेंब त्या पिळावर सोडला.

ते हललं. आधी मला वाटलं माझा हात थरथरतोय. पण ती पीळ पडलेली शेपटी हळूहळू उलगडत गोल फिरत होती, घड्याळाच्या काट्यासारखी दिसेल न दिसेल अशी, आणि फिरताना टोक तळहाताच्या रेषेत दाबलं जात होतं. वाळली की ती परत पिळली जाते, म्हणजे पुन्हा फिरते. दव पडलं, ऊन पडलं, दव पडलं, असं करत हे बी स्वतःला जमिनीत गिरमिटासारखं रुतवून घेतं. भिंगातून टोकाच्या जरा वर राठ केस दिसले, सगळे मागे वळलेले. म्हणून ते पुढे जातं आणि मागे येत नाही. बाई म्हणाल्या, या गवताला कुसळीच म्हणतात, शास्त्रातलं नाव हेटरोपोगॉन कॉन्टॉर्टस, आणि त्यातल्या कॉन्टॉर्टसचा अर्थच पिळलेलं असा. मेंढ्यांच्या लोकरीतून कातडीत शिरतं, म्हणून मेंढपाळ त्याला फार भितात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ ही म्हण मी लहानपणापासून ऐकते आहे, पण डोळ्यात कुसळ जाणं म्हणजे नेमकं काय असेल हे त्या दिवशी तळहातावर कळलं.

मातीसाठी घडलेली ती वस्तू आहे. तिला ओल हवी असते आणि मऊ जागा हवी असते. सायच्या गालात दोन्ही होतं.

एकादशीला पोतं उघडलं. सासऱ्यांचं जुनं पांढरं धोतर गच्चीवर अंथरलं, त्यावर गवत थोडं थोडं सोडलं आणि काडी न् काडी वेगळी केली. सकाळी नऊला बसले ते दुपारी दोनला उठले. मोजायची सवय आहे म्हणून मोजलं. कुसळं दोनशे अकरा. बहुतेक शेंड्यांना, एकमेकांत वेणीसारखी गुंतलेली. नंतर सराट्याचे तुकडे सतरा. सराट्याचं फळ वाळलं की त्याच्या पाच फाका होतात आणि प्रत्येक फाकेला दोन मोठे काटे असतात, जमिनीवर कशीही पडली तरी एक वर राहतोच. सायकलच्या टायरला हवा राहू देत नाही तो हाच. सासूबाईंनी तो ओळखला तो गोखरू म्हणून, दशमुळातला, माझ्या बाळंतपणात काढ्यात होता. औषध असेल, पण सशाच्या पायाला कुत्र्या-मांजरासारखी गादी नसते, नुसते केस असतात, आणि गवतावर बसायची तर त्याला सवय.

शंकेश्वराची तीन बोंडं निघाली, आकड्याआकड्यांची. इथं त्याला गाडरियुं म्हणतात, गाडर म्हणजे मेंढी, तिच्या लोकरीला चिकटतं म्हणून. ते बोंड टोचतं हा एक भाग, त्याचे कोवळे कोंब विषारी असतात हा दुसरा, म्हणून गच्चीच्या कुंडीतही पडू द्यायचं नाही. आघाड्याचा एक तुरा होता. मंगळागौरीला आपण आघाडा-दूर्वा वाहतो तोच, पण वाळल्यावर त्याचे दाणे उलटे होऊन पदराला धरतात तसे जिभेलाही धरणार.

आणि एक अख्खं वाळलेलं झाड पिवळ्या धोतऱ्याचं. पानांना काटे, बोंडाला काटे, बोंड फुटून मोहरीसारखे काळे दाणे खाली गळलेले. हे पाहून मी खरी घाबरले. याचं बी मोहरीत मिसळून तेल निघालं की माणसांना सूज येते, १९९८ साली दिल्लीत त्यानं माणसं गेली होती. ते झाड ज्या गवतात होतं ती सगळी मूठ मी टाकून दिली, दाणे शोधत बसले नाही. घाणेरीच्या दोन काड्याही अशाच फेकल्या. तिच्या खोडाला बारीक काटे असतात, ते सोडा, गुरांचं यकृत बिघडवते ती.

प्रत्येक काट्याला मी भीत नाही, हेही सांगते. गच्चीवरच्या गावठी गुलाबाची फांदी चिवड्याला दिली तर तो पानं आधी खातो आणि मग काट्यांसकट कोवळी साल सोलतो, त्याला आजवर काही झालेलं नाही. औषध न मारलेला गुलाब असला की झालं. हिरवा काटा लवतो आणि तो उघड्यावर असतो, ससा ओठांनी चाचपून त्याला वळसा घालतो. वाळलेल्या गवतातला काटा लपलेला असतो. सशाला बाजूचं, मागचं, वरचं सगळं दिसतं, पण नाकासमोरचं तेवढं दिसत नाही. तिथं तो ओठांच्या आणि मिशांच्या भरवशावर खातो. मुठीतल्या शंभर काड्यांमधलं एक कुसळ त्या ओठांना कसं कळावं? ते बघणं माझं काम आहे.

कोजागिरीनंतर मी स्वतः वाघोडिया रस्त्याला गेले. भांडायला गेले होते, खरं तर. भाईंनी पोतं पाहिलं आणि खाली बसले. गेल्या वर्षीचं गवत होतं, पावागढच्या बाजूच्या उतारावरचं. सखल जागी, जिथं ओल टिकते तिथं झिंझवा येतो, वर मुरमाड उतारावर कुसळी. दोन्ही एकाच डोंगरात. कुसळी फुलोऱ्याच्या आधी कापली तर ढोरं आवडीनं खातात, तीही वाईट गवत नाही. पण गेल्या साली पाऊस लांबला, मग कापणीची माणसं दिवाळीला गावी गेली, आणि उतारावरची कापणी दाणा पिकल्यावर झाली. "बेन, गाईसाठी घेणारा शेंडा कापून टाकतो," ते म्हणाले. "ससलीसाठी कुणी नेत असेल हे पोराला काय ठाऊक?" माझा राग तिथंच गेला. त्यांनी यंदाच्या, बांधाच्या कडेच्या झिंझव्याचे बारा पुळे माझ्या नावानं बाजूला ठेवले. हंगामाचं एकदमच घेतलं. ते कोरड्या जागी, जमिनीपासून वीतभर उंच फळीवर ठेवलं आहे, कारण बुरशी लागलेलं गवत हे काट्याइतकंच वाईट.

लोक म्हणतात, मग गवत कशाला, दाण्याचे खडे दे, पोळी दे, बिस्किट खातो की तो. नाही. दाढा गवतानंच झिजतात. देवळाबाहेर गाईंसाठी रजका, म्हणजे लसूणघास, विकायला बसतात, तो हिरवागार असतो, पण त्यात कॅल्शियम फार, मोठ्या सशाच्या लघवीत गाळ धरतो. पिलांना ठीक. माझ्या दोघांना आठवड्यातून एक काडी, लाड म्हणून. काटा निघाला म्हणून गवत बंद करणं हे मला पटत नाही. टाचणी टोचते म्हणून कुणी शिवण बंद केलेली मी पाहिली नाही.

आता रोज सकाळी एका दिवसाचं गवत पडवीत उघडते, शिवायच्या खोलीत नाही. पेंढी बुंध्याकडून धरून उलटी झटकायची. वाळल्यावर तांबूस झालेली काडी दिसली की ती बहुतेक कुसळी, तिचा शेंडा वीतभर कात्रीनं उडवायचा. मग उरलेलं गवत चोळ्यांमधून उरलेल्या मखमलीच्या पट्ट्यावरून ओढायचं. हे माझं मीच शोधलं, आणि मला त्याचा अभिमान आहे. मखमल कुसळ सोडत नाही, आघाडाही सोडत नाही. शेवटी लोहचुंबक, कारण एकदा पेंढीत तारेचा तुकडा निघाला. हातमोजे घालत नाही, बोटांना जे कळतं ते हातमोज्याला कळत नाही. आणि रात्री दोघांची हनुवटी, डोळ्यांचे कोपरे, पंजे, शेपटीखालचे केस चाचपते. एकाच डोळ्याला पाणी येत असेल तर सकाळपर्यंत थांबायचं नाही.

मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तारीख आणि आकडा लिहून ठेवते. नव्या गवताच्या पहिल्या पुळ्यात चौदा निघाली. दुसऱ्यात पाच. मग दोन दिवस शून्य.

धनत्रयोदशीला त्या चणियाच्या बेन दिवाळीचा ब्लाउज न्यायला आल्या. मी पडवीत गवत निवडत होते. त्यांना तेव्हा नुसती क्षमा मागितली होती, टोचलं काय ते सांगितलं नव्हतं. या वेळी सगळं सांगितलं, सायचंही. त्या ऐकत ऐकत खाली बसल्या. डभोईकडच्या गावात वाढलेल्या, घरी बैल होते. "असं एक एक काय काढता," म्हणाल्या, आणि पेंढी माझ्या हातातून घेतली, बुंधा दोन्ही मुठींत धरला आणि शेंड्याकडची बाजू उंबऱ्यावर तिरकी, सपासप तीनदा आपटली. धोतरावर कुसळांचा सडा पडला. वखारीतून चुकून आलेली एक उतारावरची पेंढी होती ती, मी शंभरदा चाचपूनही मला निम्मी लागली नसती. साय आवाजानं आत पळाली होती, ती जाळीपाशी येऊन मिशा हलवत बसली. बेननी मखमलीवरून काढलेल्या चार काड्या तिच्यापुढे धरल्या. तिनं एक ओढली, डाव्या बाजूनं चावली, आणि पुरी संपवली.

त्या दिवशीच्या तारखेपुढे वहीत दोन आकडे आहेत. मी ९. बेन ३१.